क्लबचा प्रशिक्षक देशाच्या संघाकडे कधी जातो?

खानापूरहून एका तरुण प्रशिक्षकाने विचारले आहे की, क्लबमध्ये नीट बसलेला आणि निकाल देणारा प्रशिक्षक हातातले काम सोडून राष्ट्रीय संघाकडे का जातो, आणि तो जाणार की नाही हे बाहेरच्या माणसाने कशावरून ओळखावे. त्यांच्यापुढे दोन ताजी उदाहरणे आहेत. मानोलो मार्केझ यांनी जुलै 2024 मध्ये भारतीय संघाची जबाबदारी घेतली, पण एफसी गोवा सोडला नाही. खालिद जमील यांनी ऑगस्ट 2025 मध्ये तीच जबाबदारी घेतली आणि जमशेदपूर एफसी सोडला. या दोघांपैकी बरोबर कोण, असे त्यांनी विचारले आहे, आणि स्वतःला जिल्ह्याच्या संघासाठी विचारणा झाली असून तालुक्यातला क्लब सोडावा की नाही हे कळत नाही, असेही शेवटी लिहिले आहे.

मी बेळगावात 26 वर्षे मुलांना फुटबॉल शिकवतो आहे आणि जिल्ह्याचा संघ तीन वेळा माझ्याकडे होता. राष्ट्रीय संघाशी त्याची बरोबरी होणार नाही हे मला माहीत आहे, परंतु कामाचा साचा तोच असतो: दुसऱ्यांनी घडवलेली मुले थोड्या दिवसांसाठी आपल्या हाती येतात आणि परत जातात. म्हणून मी उत्तर तिथूनच देतो.

आधी दोन्ही कामांतला फरक समजून घेतला पाहिजे, कारण पगार, मान आणि दबाव यांवर जितकी चर्चा होते तितकी या फरकावर होत नाही. क्लबच्या प्रशिक्षकाला आठवड्यात चार-पाच सराव मिळतात आणि शनिवार-रविवारी सामना. सामन्यात जे चुकले ते मंगळवारी मैदानावर दुरुस्त करता येते, आणि ते खरोखर दुरुस्त झाले की नाही हे पुढच्या सामन्यात दिसते. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाकडे मात्र खेळाडू फिफाने ठरवून दिलेल्या तारखांनाच येतात. 2025 पर्यंत मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर अशा वर्षात पाच खिडक्या असत. प्रत्येक साधारण नऊ दिवसांची आणि तीत बहुधा दोन सामने. 2026 पासून सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या खिडक्या जोडून एकच लांब खिडकी केली आहे, तरी वर्षाचे सामने दहाच्या आसपासच राहतात. खेळाडू सोमवारी येतो तो रविवारचा क्लबचा सामना अंगावर घेऊनच. पहिले दोन दिवस त्याचे पाय मोकळे करण्यात जातात आणि सामन्याच्या आदल्या दिवशी जोराचा सराव घेता येत नाही. मधले दोन, फार तर तीन सराव एवढीच काय ती प्रशिक्षकाची कमाई. त्या दोन सरावांत तुम्ही नवे काही शिकवू शकत नाही. खेळाडूंना जे येते त्याची जुळणी तेवढी करू शकता.

हे मला कसे कळले ते सांगतो. जिल्ह्याचा संघ पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा स्पर्धेआधी लेले मैदानावर चार दिवसांचे शिबिर होते. माझ्या क्लबची चार मुले त्यात होती, बाकीची खानापूर, निपाणी, गोकाक आणि शहरातल्या इतर क्लबांची. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आम्ही दोन बाजू पाडून खेळवत होतो. उजवीकडून एक साधा क्रॉस आला. गोकाकचा स्टॉपर, उंच आणि समजूतदार मुलगा, मागून ओरडला, "बिडो!" कन्नडमध्ये म्हणजे सोड, चेंडू माझा आहे. त्याच्या पुढे नंदगडचा लेफ्ट बॅक होता. घरी, शाळेत आणि क्लबमध्ये मराठीच बोलणाऱ्या त्या मुलाला तो शब्द ऐकूनही त्या क्षणी उमगला नाही; त्याने पाय घातला आणि चेंडू आपल्याच गोलात गेला. दोघेही चुकले नव्हते. आपापल्या मैदानावर दोघांनीही हेच केले असते आणि तिथे ते बरोबर ठरले असते. त्या सकाळी मी चेंडू बाजूला ठेवला आणि पाऊण तास फक्त सहा शब्द ठरवले: सोड, माझा, मागे, वळ, चढ, थांब. मराठीत म्हणा की कन्नडमध्ये, पण सगळ्यांनी एकच म्हणा. चार सरावांपैकी एक असा खर्च झाला, आणि तोच सर्वांत उपयोगी ठरला. राष्ट्रीय प्रशिक्षकाचे काम हेच असते, फक्त तिथे शब्दांच्या जागी अकरा वेगवेगळ्या क्लबांच्या सवयी असतात.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. ज्या प्रशिक्षकाचा जीव रोजच्या मैदानात आहे, ज्याला मंगळवारचा सराव हवा असतो, तो राष्ट्रीय पद घेतो तेव्हाही आतून क्लबचाच राहतो आणि बहुधा परत येतो. हान्सी फ्लिक 2021 मध्ये बायर्न म्युनिक सोडून जर्मनीच्या संघाकडे गेले, सप्टेंबर 2023 मध्ये जपानकडून 4-1 असा पराभव झाल्यावर त्यांना काढले गेले आणि 2024 मध्ये बार्सिलोनाला येऊन पहिल्याच हंगामात त्यांनी स्पॅनिश लीग जिंकली. माणूस तोच होता. रोज हातात असलेल्या संघाला त्याची शिस्त लागू पडते, महिन्यातून एकदा भेटणाऱ्या संघाला ती लावायला वेळ मिळत नाही. मार्केझ यांच्याबद्दल माझे हेच मत आहे. 2021-22 मध्ये त्यांनी हैदराबाद एफसीला आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) करंडक मिळवून दिला तो रोजच्या घडणीवर, तरुण भारतीय खेळाडूंना एकेका जागेवर पक्के करून. अशा माणसाला आपण राष्ट्रीय संघ दिला आणि 2024-25 च्या हंगामापुरता क्लबही हातात राहू दिला. भारताच्या बाकावर त्यांचे आठ सामने झाले आणि विजय एकच मिळाला, तो 19 मार्च 2025 रोजी शिलाँगला मालदीवविरुद्ध 3-0 असा. त्याच हंगामात एफसी गोवा लीगमध्ये दुसरा आला आणि त्यांनी सुपर कपही जिंकला. जूनमध्ये हाँगकाँगकडून 1-0 असा पराभव झाला, जुलैमध्ये परस्पर संमतीने ते राष्ट्रीय पदावरून बाजूला झाले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा गोव्याच्या बाकावर दिसले. त्यांची निवड चुकली असे मी म्हणत नाही. त्यांच्यासारख्या प्रशिक्षकाला अर्धा वेळ मागणे चुकले, असे मी म्हणतो.

त्या हाँगकाँगच्या बाकावर ॲशली वेस्टवूड होते, हे आपल्या कर्नाटकातल्या वाचकांनी विसरू नये. बेंगळुरू एफसीला 2013-14 आणि 2015-16 अशी आय-लीगची, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगची, दोन विजेतेपदे मिळवून देणारे हेच वेस्टवूड. त्यांनी आधी अफगाणिस्तानचा संघ घेऊन मार्च 2024 मध्ये गुवाहाटीला आपल्याला हरवले आणि नंतर हाँगकाँगचा संघ घेऊन पुन्हा हरवले. क्लबचा प्रशिक्षक राष्ट्रीय संघाकडे जाऊन यशस्वी होऊ शकतो याचा पुरावा आपल्याच विरुद्ध दोनदा मिळाला. मात्र या दोन्ही वेळी त्यांच्या हातात दुसरा कोणताही क्लब नव्हता.

दोन्ही पदे एकाच माणसाकडे ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ होता आणि 1950 पासून 1963 पर्यंत भारताचाही. 1951 आणि 1962 अशी आशियाई खेळांची दोन सुवर्णपदके आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमधले चौथे स्थान ही त्यांच्या काळातली कमाई, आणि 1950 ते 1954 सलग पाच वर्षे मुंबईतला रोव्हर्स कप हैदराबाद पोलिसांकडेच. "रहीमसाहेबांना जमले मग आता का जमत नाही?" असे पुष्कळजण विचारतात. तेव्हा हंगामभर चालणारी राष्ट्रीय लीग नव्हती, स्पर्धा ठराविक महिन्यांत होत, आणि भारतीय संघातले कितीतरी खेळाडू हैदराबादचे, म्हणजे त्यांच्या रोजच्या नजरेतले होते. क्लबचा सराव हाच बऱ्याच अंशी देशाचा सराव होता. आज ते शक्य नाही. हेच तत्त्व गूस हिडिंक यांच्या बाबतीत दिसते. 2005-06 मध्ये पीएसव्ही आयंडहोवन आणि ऑस्ट्रेलिया हे दोन्ही संघ त्यांच्याकडे होते. त्या हंगामात पीएसव्हीने लीग जिंकली आणि ऑस्ट्रेलिया 1974 नंतर प्रथमच विश्वचषकाला गेला. पण ऑस्ट्रेलियाचे बहुतेक खेळाडू युरोपातच खेळत होते, त्यामुळे हिडिंक यांना त्यांच्याकडे जाण्यासाठी अर्धे जग ओलांडावे लागत नव्हते. उलट फर्नांडो दिनिझ यांनी 2023 मध्ये फ्लुमिनेन्सेला कोपा लिबर्तादोरेस हा दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा करंडक जिंकून दिला आणि त्याच काही आठवड्यांत त्यांचा ब्राझील विश्वचषक पात्रतेचे तीन सामने ओळीने हरला. जानेवारी 2024 मध्ये त्यांचे राष्ट्रीय पद गेले. दिनिझ यांची खेळण्याची रीत एकमेकांच्या अगदी जवळ राहून, रोज घोटून घेतलेल्या समजुतीवर चालते. नऊ दिवसांत ती उतरवता येत नाही.

दुहेरी पदाची आणखी एक अडचण आहे, आणि ती आकड्यांत दिसत नाही. मी जिल्ह्याच्या संघासाठी अकरा दिवस बाहेर होतो. परत आलो तेव्हा माझ्या क्लबच्या दोन मुलांनी बूट घालता घालता विचारले, "सर, आमच्यातली चारच का घेतली?" त्याच आठवड्यात दुसऱ्या एका क्लबच्या माणसाने चहाच्या टपरीवर विचारले, "तुमच्यातली चार कशी काय आली?" मी निवड स्वच्छ केली होती आणि तसे दोघांनाही सांगितले, दोघांनीही मान हलवली, पण विश्वास कोणाचाच बसला नाही. निवड करणाऱ्या माणसाचा स्वतःचा क्लब असेल तर शंकेला जागा राहतेच, आणि ती शंका खेळाडूच्या डोक्यात शिरली की तो शिबिरात मोकळेपणाने बोलत नाही.

जमील यांच्याकडे येऊ. 3 मे 2025 रोजी भुवनेश्वरला सुपर कपचा अंतिम सामना झाला, तेव्हा एका बाकावर मार्केझ आणि दुसऱ्यावर जमील होते. गोवा 3-0 असा जिंकला. तीन महिन्यांच्या आत पराभूत बाकावरचा माणूस विजेत्याच्या जागी भारताचा प्रशिक्षक झाला. ते का गेले असावेत, याचा विचार करताना मला तीन गोष्टी दिसतात आणि त्यांतली पहिली सर्वांत वजनदार वाटते. सॅव्हियो मेदेरा यांच्यानंतर, म्हणजे 2012 नंतर, भारतीय माणसाला हे पद पूर्णवेळ मिळालेच नव्हते. जमील यांनी मुंबई एफसीबरोबर वर्षानुवर्षे काढली, 2016-17 मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली, आणि तरीही आयएसएलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून भारतीय नाव स्वीकारायला क्लबांनी किती वेळ लावला ते आपण पाहिले आहे. अशा माणसासमोर 13 वर्षे बंद असलेले दार उघडते तेव्हा तो पगाराचा तक्ता मांडून बसत नाही. दार पुन्हा कधी उघडेल याची खात्री नसते, आणि आपण नाही म्हटले तर पुढच्या भारतीय प्रशिक्षकालाही विचारले जाणार नाही, हेही त्याला कळत असते. दुसरी गोष्ट काळाची. जुलै 2025 मध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवला गेला होता, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार 8 डिसेंबर 2025 ला संपणार होता. क्लबचे काम केव्हा सुरू होणार हेच ठरलेले नसताना बाहेर पडणे सोपे जाते. तिसरी गोष्ट म्हणजे मागे सांभाळणारा माणूस. स्टीव्हन डायस जमशेदपूरला सहाय्यक होते आणि जमील गेल्यावर संघ त्यांच्याकडे आला. ज्या प्रशिक्षकाने आपल्यामागे असा माणूस तयार केलेला असतो, त्याला क्लब सोडताना संघ वाऱ्यावर सोडल्याची बोच लागत नाही.

कोणी जाणार की नाही हे ओळखायचे तर मी याच तीन गोष्टींकडे पाहतो, पत्रकार परिषदेतल्या उत्तरांकडे पाहत नाही. हंगामाच्या मध्यावर "माझे लक्ष फक्त पुढच्या सामन्यावर आहे" असे प्रत्येक प्रशिक्षक म्हणतो आणि त्याने तेच म्हणावे, कारण ड्रेसिंग रूममधल्या मुलांना ते ऐकणे गरजेचे असते. कराराच्या कागदावरही फार विसंबू नये. स्पेनचे युलेन लोपेतेगी यांनी मे 2018 मध्ये राष्ट्रीय संघाशी 2020 पर्यंतचा करार केला, आणि तीन आठवड्यांत रेआल माद्रिदने त्यांचे नाव जाहीर केले. विश्वचषकातल्या स्पेनच्या पहिल्या सामन्याच्या दोन दिवस आधी महासंघाने त्यांना काढून टाकले. ते उलट्या दिशेने, देशाकडून क्लबकडे निघाले होते, पण कराराचा कागद किती धरून ठेवतो हे त्यातून दिसते. कार्लो अँचेलोटी यांचाही माद्रिदशी 2026 पर्यंत करार होता. तरी मे 2025 मध्ये लीगचा शेवटचा सामना झाला आणि दोनच दिवसांनी ते ब्राझीलचे प्रशिक्षक म्हणून समोर आले. वयाची साठी ओलांडलेल्या, क्लबमध्ये मिळवण्यासारखे सगळे मिळवलेल्या माणसाचे हे जाणे मला सर्वांत समजण्यासारखे वाटते, आणि त्यांनी तारीख निवडली तीही योग्य. हंगाम पुरा करून, मुलांचा निरोप घेऊन ते गेले.

कधी कधी मात्र निवडीला वेळच मिळत नाही. 10 सप्टेंबर 1985 रोजी कार्डिफच्या सामन्यात स्कॉटलंडचे प्रशिक्षक जॉक स्टीन कोसळले आणि वारले. ॲबर्डीनचे ॲलेक्स फर्ग्युसन त्यांचे सहाय्यक होते. त्यांनी क्लब न सोडता तो संघ 1986 च्या विश्वचषकापर्यंत नेला. अशा वेळी दोन्ही पदे एकत्र आली तर कोणी दोष देऊ नये. घरात मोठा माणूस गेल्यावर कोणीतरी पुढे व्हावे लागते, तसेच ते.

आता "बरोबर कोण?" या प्रश्नाबद्दल. पद्धत जमील यांची बरोबर, असे माझे स्पष्ट मत आहे. पण पूर्ण वेळ दिला म्हणून लगेच निकाल मिळतो असे नाही, हेही त्याच वर्षी दिसले. त्यांच्या पहिल्याच मोहिमेत, ताजिकिस्तानातल्या हिसोर येथे झालेल्या मध्य आशियाई स्पर्धेत सामने फिफाच्या खिडकीच्या आधी सुरू होत होते, त्यामुळे खेळाडू सोडणे क्लबांवर बंधनकारक नव्हते आणि मोहन बागानने ते सोडले नाहीत. तरीही संघाने यजमान ताजिकिस्तानला 2-1 असे हरवले आणि ओमानला पेनल्टींवर मागे टाकून तिसरे स्थान मिळवले. पुढच्याच महिन्यात, 14 ऑक्टोबरला, गोव्यातल्या फातोर्ड्याला सिंगापूरने आपल्याला 2-1 असे हरवले आणि 2027 च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. त्या सामन्याला मी आमची नऊ मुले घेऊन गेलो होतो. आपल्या छांगटेचा गोल झाला तेव्हा पोरे एकमेकांच्या खांद्यावर चढली होती. रात्री चोर्ला घाटात गाडीमध्ये कोणी बोलत नव्हते. अनमोडच्या बाजूचा एक मुलगा बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, कोच बदलून काय उपयोग झाला मग?" मी त्याला विचारले की, ऑगस्टपासून आजपर्यंत या संघाने किती सराव एकत्र केले असतील, मोज. त्याने बोटे मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही हातांची बोटे दोनदा फिरवून तो थांबला. आमचा क्लब तेवढे सराव एका महिन्यात करतो.

तेव्हा तुम्हाला आलेल्या विचारणेबद्दल. जिल्ह्याचा संघ घ्या, असे मी सांगेन. दुसऱ्यांच्या मुलांबरोबर काम केल्याशिवाय आपण स्वतःच्या मुलांना काय शिकवले आणि काय गृहीत धरले हे कळत नाही. तालुक्यातला क्लब कायमचा सोडण्याचे कारण नाही, कारण जिल्ह्याचे काम वर्षातून दोन-तीन आठवड्यांचे असते. पण त्या आठवड्यांपुरता क्लब सहाय्यकाच्या हाती खरोखर द्या, संध्याकाळी फोन करून सराव काय घेतला असे विचारू नका. निवड चाचणीच्या दिवशी तुमच्या क्लबच्या मुलांच्या नावांपुढे गुण लिहिण्याचे काम दुसऱ्या प्रशिक्षकाला द्या आणि ते सगळ्यांच्या देखत द्या. आणि शिबिराच्या पहिल्या सकाळी चेंडू पिशवीतच राहू द्या. मुलांना गोलाकार बसवा आणि "सोड"ला आपण सगळे काय म्हणणार आहोत, ते आधी ठरवा.